चिनूच्या राणीला विमानात बसवू नका

लाइपझिग,
28 जून 2025

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल ताईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा चिनूने खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली कॅमेऱ्याला चिकटवली आणि ओरडला, "मामा, मुंग्यांची राणी! गच्चीवर सापडली! आजीच्या बॅगेत देऊन राहिलो तुझ्यासाठी!" आणि आई, तू मागून म्हणालीस, "आणते बाप्पा, एवढीशी तर आहे." तेवढ्यात फोन कटला. म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो हो" म्हणाली असतीस आणि बाटली लोणच्याच्या बरणीला खेटून बॅगेत गेली असती. बाबा, तुम्ही हे सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा, चिनूला समोर बसवून.

ती आणायची नाही. का, ते सांगतो. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे, कारण तुम्हाला वाटतं मी इथे एका काचेच्या पेटीत "थोड्याशा" मुंग्या ठेवल्या आहेत.

इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडायचा. ऑफिसातून आलो की बोलायला कोणी नाही. कुत्रा ठेवायला घरमालकाची परवानगी हवी, मांजरीला माझी शिंक चालत नाही. ऑफिसातला एक जण मुंग्या पाळायचा. बर्लिनमध्ये तर निव्वळ मुंग्यांचंच दुकान आहे. आपल्याकडे पोपट-मासे विकतात तशा तिथे राण्या मिळतात, काचेच्या नळीत, चारदोन कामकरी मुंग्यांसकट. मी घेतली ती कॅम्पोनोटस निकोबारेन्सिस, म्हणजे आपल्या मुंगळ्याचीच एक चुलत बहीण. केशरी-काळी, दिसायला देखणी. जात सगळ्या आग्नेय आशियात सापडते, पण नाव आपल्या निकोबारवरून पडलेलं. खरं सांगू? नावासाठीच घेतली. दुकानातल्या चिठ्ठीवर निकोबार वाचलं आणि उगाच घरचं कोणी भेटल्यासारखं झालं.

या मुंग्यांना 25-28 अंश ऊब लागते, म्हणून पेटीखाली हीटरची चटई घातली. स्वतः दोन स्वेटर घालून बसायचो आणि मुंग्यांना नागपूरचा फेब्रुवारी पुरवायचो. इथल्या स्थानिक काळ्या मुंगीचं उलट असतं. तिला हिवाळ्यात थंडीत निजावं लागतं, नाहीतर वसाहत खंगते. तो ऑफिसातला माणूस नोव्हेंबर ते मार्च तिला फ्रीजमध्ये भाजीच्या खणात ठेवतो. त्याची बायको अजून त्याच्याजवळ राहते, याचंच मला नवल वाटतं.

संध्याकाळी त्यांचं जेवण बघत बसायचो. एक मुंगी साखरेच्या पाण्यावर जाते आणि पोट तट्ट फुगेपर्यंत पिते. इतकी की पोटावरच्या चकत्या ताणून मधली पारदर्शक कातडी पट्ट्यांसारखी दिसायला लागते. मग घरी जाते आणि भेटेल तिच्या तोंडाला तोंड लावून थेंब थेंब वाटते. तिला पोटं दोन, एक स्वतःसाठी आणि एक गावासाठी. गावाचं आधी भरतं. आई, पंगतीत वाढताना तू जेवायची राहतेस, ते आठवायचं.

तर ही कौतुकाची बाजू झाली. आता घोटाळा. मुंग्या बाहेर येऊ नयेत म्हणून पेटीच्या वरच्या कडेला आतून टाल्कम पावडर आणि स्पिरिट कालवून लावतात. स्पिरिट उडून जातं, पावडरचा थर राहतो आणि त्यावर मुंगीचे पाय घसरतात. स्वस्त आणि मस्त. फक्त हवेत ओल नको. गेल्या जानेवारीत मी धुतलेले कपडे त्याच खोलीत वाळत घातले आणि शेजारी तासभर कुकर-भांडी. खिडकी बंद. पावडर भिजली, तिचा चिखल झाला, आणि रात्री अकरा वाजता स्वयंपाकघराच्या ओट्यावर केशरी-काळी रांग. ती थेट तू पाठवलेल्या संत्रा बर्फीच्या डब्यात! रात्रभर ओल्या ब्रशने एकेक उचलत होतो. 70 पर्यंत मोजल्या आणि पुढे नाद सोडला. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे काही गेल्या असतील का, ही धास्ती महिनाभर होती. राणी पेटीतच होती, म्हणून निभावलं. राणी नसली की बाहेरच्यांची नवी वसाहत होत नाही, त्या आज ना उद्या संपतात.

बाहेर शून्याखाली होतं, तिथे त्या जगल्या नसत्या. पण घरं तर गरम असतात ना. उष्ण देशांतली ती पिवळी फेरो मुंगी अशीच गरम इमारतींच्या भिंतींत शिरून युरोपभर बसली आहे, दवाखानेसुद्धा सोडले नाहीत. आणि 2023 साली इटलीतल्या सिसिलीत सिराक्यूजजवळ लाल अग्निमुंगीची 88 वारुळं सापडली. ती मूळ दक्षिण अमेरिकेची आणि चावली की आग होते. एकदा अशी मुंगी रुजली की मग काढता येणं कठीण.

तू म्हणशील, माझ्या पर्समध्ये एक मुंगी, त्याने काय होतं? केनियात गेल्याच महिन्यात बेल्जियमच्या दोन पोरांना शिक्षा झाली, विशीही न ओलांडलेल्या. त्यांच्याजवळ जवळपास 5,000 मुंग्या होत्या, 2,200 च्या वर नळ्यांत, कापसाचे बोळे घालून नीट रचलेल्या. धान्य साठवणाऱ्या मोठ्या आफ्रिकी मुंग्यांच्या राण्या, ज्यांना इकडच्या शौकीन लोकांत भाव आहे. प्रत्येकाला 10 लाख केनियन शिलिंग दंड, नाहीतर वर्षभर तुरुंग. पोरं म्हणाली, आम्हाला कायदा माहीत नव्हता, हौस म्हणून गोळा केल्या. मला ती बातमी वाचून घाम फुटला. त्या नळ्या, ते बोळे, सगळं माझ्या कपाटातल्यासारखं. माझी निकोबारवाली कुठून, कोणी, कशी उचलली होती, हे मी दुकानात विचारलंसुद्धा नव्हतं. आता आहेत त्या सांभाळीन. नवीन परदेशी घेणार नाही.

आपल्या मुंगळ्यांना कमी समजू नका. तू अजून डायनिंग टेबलचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवतेस ना? ही जुनीच युक्ती. पुण्याला कर्नल साइक्स नावाच्या साहेबाने तीच केली होती, वरांड्यात मिठाईच्या टेबलासाठी. त्याने ते 1835 साली छापलंय. मुंग्या पाण्यातून पार झाल्या. मग त्याने टेबल भिंतीपासून दूर सरकवलं. तर मुंग्या भिंतीवर टेबलाच्या वर फूटभर चढून तिथून मिठाईवर उड्या टाकायला लागल्या! साहेबाने हरून त्या जातीचं नावच ठेवलं 'इंडेफेसा', न थकणारी. म्हणजे आई, वाट्यांवर फार भिस्त ठेवू नकोस, भिंतीपासूनही टेबल ओढ.

आता चिनू, हे तुझ्यासाठी. राणी सोडून दे असं मी म्हणत नाही. नागपूरची आहे, नागपुरातच ठेव. आधी पंख बघ. पंख गळलेले असतील तर बहुतेक तिचं लग्न झालंय. लग्नाच्या उड्डाणानंतर राणी स्वतःच पंख तोडून टाकते. मुंगीला पंख फुटले की मरण जवळ आलं, असं तुझी पणजी म्हणायची. नरांच्या बाबतीत ते खरंच आहे. राणीचं खरं आयुष्य मात्र पंख गेल्यावर सुरू होतं. पंख शाबूत असतील तर आजच गच्चीवर सोड.

शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथून काचेची नळी आण. तिसरा हिस्सा पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, पाणी झिरपेल पण सांडणार नाही असा. मग राणी, मग तोंडाला सैल बोळा. नळीला लाल जिलेटीन कागद गुंडाळ, लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही. मग कपाटात. खायला काही घालायचं नाही! उडायचे स्नायू आता तिला नकोत, ते विरघळवून ती पहिल्या पिल्लांना भरवते. महिना-दीड महिन्याने पहिल्या कामकरी येतील, अगदी बारक्या. तेव्हा साखरेच्या पाण्याचा एक थेंब आणि मेलेल्या डासाचा तुकडा. रोज काढून बघितलंस तर ती घाबरून स्वतःची अंडी खाईल. आठवड्यातून एकदा, तेही मिनिटभर.

आणि हे आईला विचारून कर, म्हणजे तुझ्या आईला. इथल्या काळ्या बागमुंगीची पाळलेली राणी 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. तुझी इतकी जगेल असं नाही, पण दहावीला तुझ्यासोबत ती असू शकते. पावसाळ्यात टाल्कमवर विसंबू नकोस, माझं काय झालं ते वर वाचलंसच. पेटीच्या कडेला खोबरेल तेलाचं पातळ बोट फिरव.

बाबा, गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर? तिकिटावर मधल्या विमानतळासाठी व्हीलचेअर लिहून ठेवली आहे, लाजू नका. आई, ऑगस्टमध्ये इथे रात्री गार होतं, एक शाल वरच ठेव. सांडगे आण, मेतकूट आण, बर्फी आणलीस तर झाकणाला आटे असलेल्या डब्यात. ती औषधाची बाटली मात्र ताईकडे देऊन मग घराबाहेर पड, आणि कुलूप लावायच्या आधी चिनूचे खिसे तपास.

तुमचा,
मंदार