औंढ्याच्या लायगोत क्वांटम नेमका कुठे आहे?

महोदय,

औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी (अवकाशाच्या ताणण्या-आकसण्याच्या लहरी) टिपणाऱ्या वेधशाळेची बातमी आली की तिच्यात हमखास एका अर्थाचे वाक्य असते: गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम सिद्धांत (अणू आणि त्याहून लहान कणांचे नियम) यांचा मेळ घालण्याचे कोडे आता हिंगोली जिल्ह्यात सुटणार. २,६०० कोटी रुपयांचा हा प्रकल्प मराठवाड्यात येतो आहे, त्याचे कौतुक व्हायलाच हवे. पण हे वाक्य खरे नाही. बारावीची आणि बी.एस्सी.ची मुले ते वाचून वर्गात येतात आणि औंढ्यात ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे कण, कधी सापडणार, असे विचारतात. क्वांटम सिद्धांत या यंत्रात आहे, अगदी गाभ्याला आहे. फक्त बातम्या सांगतात तिथे तो नाही.

आधी हिशेब मांडू. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या दोन यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली, ६२ पटींचे एक उरले आणि तीन सूर्यांइतके वस्तुमान लहरींच्या रूपाने निघून गेले. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास करून ती लहर इथे पोचली तेव्हा यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत (लेसर जिच्यातून आरशांमध्ये ये-जा करतो त्या नळीत) तिने घडवलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता. ग्रॅव्हिटॉन खरोखर असतील, तर लहरीच्या ऐन भरात दर चौरस मीटरमधून सेकंदाला एकावर २९ शून्ये इतके कण गेले असणार. मोंढ्यातल्या भुईकाट्यावर सोयाबीनचा ट्रक चढवला की वजन कळते, दाणे मोजले जात नाहीत. त्या काट्यावरून ट्रकमध्ये दाणे आहेत की पीठ, हेही सांगता येणार नाही. लायगोचे तसेच आहे. लहर मोजली जाते. ती कणांची बनलेली आहे की नाही, यावर यंत्र काहीच सांगत नाही.

एकेकटा ग्रॅव्हिटॉन पकडायचा तर काय लागेल, याचा हिशेब भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी करून ठेवला आहे. लायगोसारख्या रचनेत आरसे इतके जड आणि एकमेकांच्या इतके जवळ ठेवावे लागतील की त्यांचेच कृष्णविवर होईल. अडचण पैशांची किंवा कारागिरीची नाही. क्वांटम आणि गुरुत्व दोन्ही सारख्याच जोराने बोलू लागतात ती प्लांक लांबी प्रोटॉनहून एकावर २० शून्ये इतक्या पटींनी लहान आहे. जिनिव्हाजवळच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये प्रोटॉनांची टक्कर १३.६ लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टला होते. प्लांक लांबीपर्यंत पोचायला लागणारी प्लांक ऊर्जा तिच्याही सुमारे एकावर १५ शून्ये पट आहे.

मग ही वेधशाळा मूलभूत प्रश्नांना हातच लावत नाही का? लावते, पण बाजूने. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मिलनाची लहर आली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले. १३ कोटी प्रकाशवर्षांच्या वाटेवर एवढाच फरक! म्हणजे गुरुत्वाचा वेग आणि प्रकाशाचा वेग सुमारे पंधरा दशांश स्थळांपर्यंत जुळतात, आणि आइन्स्टाइनच्या सिद्धांताला पर्याय म्हणून मांडलेले अनेक सिद्धांत त्या एका दिवसात बाद झाले. स्टीफन हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सांगितले होते की कृष्णविवरांच्या मिलनात क्षितिजाचे (जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही त्या सीमेचे) एकूण क्षेत्रफळ कमी होऊ शकत नाही. १४ जानेवारी २०२५ च्या लहरीत सुरुवातीचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर आणि नंतरचे सुमारे ४ लाख भरले. हे क्षेत्रफळ महत्त्वाचे का? कारण कृष्णविवराची एंट्रॉपी, म्हणजे त्याच्या आतल्या अव्यवस्थेचे माप, त्यावरून ठरते आणि त्या सूत्रात गुरुत्वाचा स्थिरांक आणि प्लांकचा स्थिरांक शेजारी शेजारी येतात. मात्र त्याच सूत्रांतून निघणारे ६२ सूर्यांच्या कृष्णविवराचे तापमान केल्व्हिनच्या सुमारे एक अब्जांश इतके आहे, तर सभोवतालचे आकाश २.७ केल्व्हिनला आहे. ते मोजणे कुठल्याच वेधशाळेच्या आवाक्यात नाही.

महाराष्ट्रातच जन्मलेल्या अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइनची समीकरणे नव्या चलांत मांडली आणि त्यातून गुरुत्व आणि क्वांटम यांचा मेळ घालू पाहणारी लूप क्वांटम गुरुत्वाची शाखा वाढली. तिच्यानुसार क्षेत्रफळ हवे तेवढे घेता येत नाही, ते टप्प्याटप्प्यानेच मिळते. हाच मेळ घालू पाहणाऱ्या स्ट्रिंग सिद्धांताची वाट वेगळी आहे. यातल्या कोणालाही प्रयोगाने अजून कौल दिलेला नाही. बातमीत हे एक वाक्य आले तरी पुष्कळ झाले.

आता औंढ्याच्या यंत्रातला खरा क्वांटम पाहू. भुजांमध्ये लेसरचा प्रकाश आरशांमधून सुमारे तीनशे वेळा ये-जा करून साठतो. लेसर स्वतः दोनशे वॅटच्या आत, पण रचनेनुसार साठलेला प्रकाश ७५० किलोवॅटपर्यंत जातो. (हा प्रकाश बंद नळीत फिरतो, बाहेर सोडला जात नाही, शिवार, पीक, विहिरी यांना त्यापासून काहीही धोका नाही. वेधशाळा लहर तयार करत नाही, फक्त आलेली ऐकते.) १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या हिशेबाने त्यात सेकंदाला एकावर २४ शून्यांच्या चौपट फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, होतात. ते मोजूनमापून येत नाहीत, पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखे येतात. शंभर थेंब अपेक्षित असतील तर दहा इकडे-तिकडे, म्हणजे दहा टक्के. दहा हजार अपेक्षित असतील तर शंभर इकडे-तिकडे, म्हणजे एक टक्का. म्हणून प्रकाश जितका जास्त तितकी ही फोटॉनांची टपटप तुलनेने कमी. वरच्या वारंवारतांना यंत्राची मर्यादा हीच ठरवते.

मग लेसर वाढवत नेला तर? तिथे अनिश्चिततेचे तत्त्व आडवे येते. ७५० किलोवॅटचा प्रकाश आरशावर अर्ध्या ग्रॅमच्या वजनाइतका दाब देतो. तो स्थिर असता तर काहीच बिघडले नसते, पण फोटॉन कमी-जास्त आले की दाबही कमी-जास्त होतो आणि ४० किलोचा आरसा हलतो. हा त्रास खालच्या वारंवारतांना. म्हणजे आरशाची जागा नीट पाहायला गेलो की धक्का वाढतो, धक्का कमी केला की जागा अंधूक होते. शाळेत इलेक्ट्रॉनसाठी शिकवलेले तत्त्व इथे ४० किलोच्या काचेला लागू झालेले दिसते, आणि २०२० मध्ये लिव्हिंग्स्टनच्या यंत्रावर ते मोजून दाखवले गेले.

यावर उपायही क्वांटमच आहे. रिकाम्या अवकाशातही प्रकाशक्षेत्राची थरथर असते, आणि यंत्राच्या बाहेर पडण्याच्या तोंडातून तीच आत शिरते. तिथून साध्या थरथरीऐवजी 'दाबलेला' प्रकाश आत सोडला की एका बाजूची अनिश्चितता घटते आणि दुसऱ्या बाजूची वाढते. ही कल्पना १९८१ ची, अमेरिकन यंत्रांत ती नियमित वापरात आली २०१९ पासून. पण वरच्या वारंवारतांना फायदा झाला की खालच्यांना तोटा होई. म्हणून निरीक्षणांच्या पुढच्या फेरीत ३०० मीटर लांबीची गाळणी-पोकळी जोडली गेली. ती खालच्या आणि वरच्या वारंवारतांसाठी दाबण्याची दिशा वेगवेगळी ठेवते. आमच्या मते औंढ्याविषयी मुलांना सांगण्यासारखी सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

जमिनीच्या हालचालीबद्दल थोडेसे. आरसा चार टप्प्यांच्या लोलकावर, सुमारे ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचतंतूंनी टांगलेला असतो. १० हर्ट्झच्या कंपनाला प्रत्येक टप्पा साधारण शंभरव्या भागावर आणतो, चार टप्पे मिळून दहा कोटीव्या भागावर. त्याहून संथ हादरे मात्र आत येतात. वसमत, कळमनुरी, औंढा भागात अधूनमधून जाणवणारे धक्के (जुलै २०२४ मधला ४.५ तीव्रतेचा वाचकांना आठवत असेल) लेसरचा 'लॉक' (आरशांशी नेमकी जुळलेली स्थिती) तोडू शकतात, यंत्र पुन्हा जुळवेपर्यंत त्या वेळेचे निरीक्षण जाते. खाणीतले सुरुंग, जड वाहने यांचा त्रास दुहेरी आहे. कंपन लोलकाने थांबते, पण हलणारी माती आणि खडक आरशाला गुरुत्वाने थेट ओढतात, आणि गुरुत्वाला आड घालणारा पडदा नाही. म्हणून वेधशाळेच्या परिसरात नवा क्रशर किंवा नवा जड वाहतुकीचा रस्ता यांचा निर्णय आधी कंपनांचे मोजमाप करूनच व्हावा.

गुरुत्व क्वांटम आहे का, हे विचारणारा प्रयोग वेगळाच असू शकेल, आणि तो टेबलावर मावणारा आहे. भौतिकशास्त्रज्ञ सौगतो बोस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुचवले की एक किलोग्रॅमचे एकावर १४ शून्ये इतके भाग केल्यास येणाऱ्या वजनाचे दोन कण, प्रत्येक एकाच वेळी दोन जागी असलेल्या अवस्थेत, शेजारी ठेवावेत. केवळ गुरुत्वामुळे त्यांच्यात क्वांटम गुंतागुंत (दोघांच्या अवस्था एकमेकींशी बांधल्या जाणे) झाली, तर गुरुत्वही क्वांटमच्या नियमांनी चालते असे मानायला भक्कम आधार मिळेल. अडचण अशी की व्हिएन्नात २०१९ मध्ये अशा अवस्थेत आणलेला रेणू २५ हजार अणुभाराच्या आसपासचा होता. हवे असलेले वजन त्याच्या कोट्यवधी पट आहे, आणि हवेचा एक रेणू आदळला तरी अवस्था मोडते.

आमची सूचना अशी. मराठवाड्यातल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाने व्याख्यानासोबत छोटा मायकेल्सन व्यतिकरणमापक मांडून दाखवावा. लायगोच्याच तत्त्वावरचे हे साधन एक किरण दोन भुजांत विभागून पुन्हा एकत्र आणते, आणि भिंतीवर उजळ-काळे पट्टे उमटतात. अर्धवट हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबवर दोन फूट बाय दोन फुटांची शहाबादी फरशी ठेवावी. त्यावर ५ मिलिवॅटच्या आतला लाल लेसर, ४५ अंशांत ५०:५० प्रकाशविभाजक आणि २० सेंटिमीटरवर दोन आरसे. आरसे पुढच्या पृष्ठभागावर मुलामा असलेलेच हवेत. घरच्या आरशाला दोन परावर्तने येतात आणि पट्टे धुऊन जातात. जुन्या हार्ड डिस्कची चकती बऱ्यापैकी चालते. एका आरशाला तीन स्क्रूंची बैठक असावी. आधी भिंतीवरचे दोन सर्वांत ठळक ठिपके एकावर एक आणावेत, मगच भिंग लावून प्रकाश पसरवावा. ठिपके जुळूनही पट्टे दिसत नसतील तर दोन्ही भुजा मोजाव्यात. स्वस्त लेसरमध्ये त्या काही मिलिमीटरच्या आत सारख्या लागतात. पट्टे केसासारखे बारीक असतील तर आरसा तिरपा आहे. लेसरकडे थेट पाहू नये, परावर्तित ठिपका डोळ्यांच्या उंचीवर येऊ देऊ नये.

मग एका भुजेजवळ तळहात धरावा. हवा एका अंशाने तापली तरी पट्टे अर्ध्या पट्ट्याहून थोडे अधिक सरकतात. तो सरकाव २०१५ च्या लहरीने घडवलेल्या फरकाच्या हजारो कोटी पट आहे, आणि औंढ्याच्या नळ्यांत हवेचा दाब वातावरणाच्या लाख कोटीव्या भागावर का आणावा लागतो, ते मुलांना न सांगता कळते. फोटॉनांची टपटप मात्र या टेबलावर दिसणार नाही, ती हवेच्या आणि फरशीच्या हालचालीखाली दबलेली असते. हेही स्पष्ट सांगावे. शेवटी खिडकीतून रस्त्याकडे एक विद्यार्थी आणि पट्ट्यांकडे दुसरा बसवावा, आणि एसटी, ट्रक, ट्रॅक्टर गेल्याच्या वेळा व पट्टे हलल्याच्या वेळा वेगवेगळ्या वहीत लिहून मग त्या शेजारी ठेवाव्यात.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही अध्यापक,
नांदेड–हिंगोली