ज्यांनी मला बोलू दिले नाही, त्या काकूंस

ती. काकूंस शिरसाष्टांग नमस्कार.

दत्तजयंतीला मी सगळ्या बायकांबरोबर शेवटची आरती मोकळ्या गळ्याने म्हटली. पण त्याच्या आठवडाभर आधी माझ्या तोंडून धड शब्दही फुटत नव्हता, हे तुमच्याखेरीज फारसे कोणाला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

ग्वाल्हेरची मार्गशीर्षातली थंडी लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांत कशी शिरते, ते आपण दोघीही जाणतो. आवंढा गिळताना डोळ्यांत पाणी येत होते. ज्या दवाखान्यात मी दीड तास ताटकळले, तिथे मला तोंडसुद्धा उघडायला न लावता अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या. घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे दुखतो आणि विषाणूंवर त्या गोळ्या चालत नाहीत, हे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी बॅटरीच्या उजेडात घसा नीट पाहून मग सांगितले. त्या एका मिनिटाच्या अभावाचा राग अजून गेलेला नाही. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळण्याचा सल्लाही मिळाला. त्या पाल्याने गळा गोड होतो ही श्रद्धा मीही लहानपणापासून जपते, पण समाधी आहे त्या हजीऱ्यापर्यंत जाण्याचे त्राण कुठून आणणार?

तुम्ही न बोलावता आलात. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि चिमूटभर हळद घातलीत, थेंबभर पाणी स्वतःच्या मनगटावर टाकून पाहिलेत आणि मगच पेला माझ्या हाती दिलात. दाल बाजारातून ‘मुलेठी’ म्हणून आणलेले ज्येष्ठमध खलबत्त्यात चेचलेत, पिवळे धागे सुटलेली कांडी माझ्या हातावर ठेवलीत आणि गालात धरायची खूण केलीत.

पण गुळण्यांपेक्षाही मला आठवते ते तुमचे मौन. तीन संध्याकाळी तुम्ही तासभर माझ्या उशाशी बसलात आणि एकही प्रश्न विचारला नाहीत, कारण विचारले की मी उत्तर द्यायला जाईन, हे तुम्ही ओळखले होते. हवे-नको तुम्ही बोटांनी विचारायचात, मी मानेने सांगायची. आजाऱ्याची विचारपूस सगळेच करतात. त्या विचारपुशीचा भार आजाऱ्यावर पडू नये म्हणून स्वतःची जीभ आवरणारी माणसे मी फार थोडी पाहिली आहेत, आणि ज्यांच्या शेजारी ती राहतात ते खरोखर भाग्यवान.

तुमचा खलबत्ता अजून माझ्या ओट्यावरच आहे. तो द्यायला येईन तेव्हा सवड काढून येईन. त्या तीन संध्याकाळी तुम्ही जे बोलला नाहीत, ते सगळे मला ऐकायचे आहे.

आपली,
वाड्यातली शेजारीण