पृथ्वी विज्ञान मंत्र्यांना खुलं पत्र: समुद्र किती हिरवा ते कळलं, त्यात कोण आहे तेही सांगा

मा. मंत्री महोदय,
पृथ्वी विज्ञान मंत्रालय, भारत सरकार

साहेब, थेट मुद्द्यावर येतो. हैदराबादचं इनकॉइस, म्हणजे तुमच्या मंत्रालयाचं समुद्राची माहिती देणारं केंद्र, मासेमारीच्या संभाव्य जागा सांगतं, मराठीतसुद्धा, कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला किती किलोमीटर, खोली किती, सगळं. आमच्या मालवणात ते बघून निघणारे आहेत, डिझेलच्या भावात उगाच समुद्रभर फिरणं परवडतंय कुणाला. ही जागा काढतात पाण्याच्या तापमानावरून आणि क्लोरोफिलवरून, म्हणजे सॅटेलाइटला वरून दिसलेल्या हिरवेपणावरून, आणि माझी तक्रार नेमकी त्या हिरवेपणाबद्दल आहे.

त्यावरून प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) किती ते कळतं, कुठलं ते नाही. डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ, असेल तर ठीक, त्याला कोपेपॉड नावाचे बारीक कवचधारी प्राणी खातात, दोन्ही मिळून तारली-बांगड्याच्या पोटात जातात आणि पुढे आमच्या जाळ्यात. पण तोच हिरवा डाग नॉक्टिल्युका नावाच्या दुसऱ्या एकपेशीय प्लवकाचा असला तर? जानेवारी ते मार्च उत्तर अरबी समुद्रात हा प्रकार मैलोन्मैल पसरतो. बाटलीत पाणी घेऊन उजेडात धरलं तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, बारीक साबुदाण्यासारखे पारदर्शक गोळे, आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं की आत हिरवे ठिपके वळवळत असतात, ते ठिपके म्हणजे त्याच्या पोटात मुक्कामाला आलेलं वेगळंच शेवाळ. म्हणजे हा गडी उन्हावरही जगतो आणि वर डायटम पण गिळतो, पण त्याला स्वतःला खाणारे मुख्यतः साल्प (जेलीसारखे पारदर्शक प्राणी) आणि जेलीफिश, आपल्या कामाचं कोणी नाही. नकाशावर मात्र दोघंही सारखेच हिरवे.

हा एवढा का फोफावतोय यावर शास्त्रज्ञांचंच जमत नाहीये. 2014 मध्ये हेल्गा गोम्स, जोकिम गोएस वगैरेंच्या टीमने म्हटलं की कमी ऑक्सिजनचं पाणी वर येतंय म्हणून. 2018 मध्ये तुमच्याच इनकॉइसच्या लोकांनी दाखवलं की ऑक्सिजन नीट असतानाही ब्लूम (म्हणजे असा उद्रेक) येतो. बरोबर कोण यात मी पडत नाही, पण दोन्ही टीमला बोटीवर जाऊन पाणी काढून आणावंच लागलं, नुसत्या सॅटेलाइटवर हे भांडण सुटत नाही एवढं माझ्यासारख्यालाही कळतं.

आता कोणी म्हणेल की नवीन सॅटेलाइट आहे ना. आहे, आणि भारी आहे. 26 नोव्हेंबर 2022 ला ओशनसॅट-3 वर गेला, आधीच्या कॅमेऱ्यात 8 बँड (म्हणजे रंगांचे पट्टे) होते, ह्यात 13 आहेत. नासाचा पेस सॅटेलाइट तर फेब्रुवारी 2024 मध्ये वर गेला, तो त्याहून कितीतरी बारीक रंगछटा टिपतोय आणि डेटा फुकट देतोय. प्रत्येक गटाची रंगद्रव्यं वेगळी म्हणून परत येणारा उजेडही थोडा वेगळा, त्यावरून डायटम कुठे आणि इतर कोण कुठे हे ओळखायचे फॉर्म्युले बनतात, सगळं मान्य. पण खोल स्वच्छ समुद्राचा फॉर्म्युला आमच्या मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीच्या तोंडाशी लावलात तर तो फसतो, कारण तिथे गाळ आहे, कुजलेल्या पाल्याचं तपकिरी पाणी आहे, आणि सॅटेलाइटला तेही क्लोरोफिलच वाटू शकतं. जागेवरचं पाणी तपासल्याशिवाय तो दुरुस्त होणार कसा?

पावसाळ्यात तर वेगळीच गंमत. 1 जून ते 31 जुलै बंदी असते तेवढं सोडा, ऑगस्टमध्ये बोटी सुटतात तेव्हाही आभाळ भरलेलं असतं, म्हणजे फोटोच नाही, आणि खालचं पोषक पाणी वर येऊन प्लवक वाढतं ते नेमकं ह्याच दिवसांत. मग मधली रिकामी जागा कॉम्प्युटर मॉडेलने भरायची. पण साध्या मॉडेलांत एक कप्पा वनस्पती प्लवकाचा आणि एक प्राणी प्लवकाचा, आणि दोन्ही धंदे एकाच वेळी करणारा नॉक्टिल्युका कुठल्या कप्प्यात बसवणार?

म्हणून मागणी अशी की डहाणू, रत्नागिरी, मालवण आणि पणजीसमोर, किनाऱ्याजवळ एक आणि आत दोन ठिकाणी, समुद्र परवानगी देईल तेव्हा दर पंधरा दिवसांनी पाणी काढा, प्लवक मोजा, रंगद्रव्यं तपासा, आणि निदान पाच वर्षं न थांबता चालू ठेवा (प्रोजेक्ट संपला म्हणून तिसऱ्या वर्षी बंद, हे नको). माणसं बाहेरून आणायची गरज नाही, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, गोव्यात दोनापावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, आणि बोटी आमच्या आहेत, भाडं वेळेवर द्या म्हणजे झालं. डीप ओशन मिशनमध्ये तुम्ही 6000 मीटर खाली माणसं पाठवताय, जरूर पाठवा, आम्हाला अभिमानच आहे, पण आमचं पोट वरच्या पन्नास मीटरवर चालतं तिकडेही थोडं बघा.

आणि नकाशा देताना कुठे सॅटेलाइटने खरंच बघितलंय आणि कुठे ढगाखाली मॉडेलचा अंदाज आहे हे वेगळ्या रंगात दाखवा. अंदाज चुकला म्हणून कोणी भांडायला येणार नाही, पण अंदाज आहे हे आधी कळलं तर माणूस त्या हिशोबाने डिझेल भरतो.

नमुन्यांचे आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवा, आमच्याकडची कॉलेजची पोरं त्यावर काम करतील. फक्त एक विनंती, आकडे एक्सेलमध्ये द्या, स्कॅन केलेली वाकडी पीडीएफ नको.

आपला,
मालवणचा एक, सध्या पुण्यात