स्मृतिदिनामागच्या अनाम हातांचे आभार

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे दहा जवान धारातीर्थी पडले आणि त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षभरात कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्यांची, राज्य पोलीस दलांतील आणि केंद्रीय दलांतील, नावे वाचली जातात. यंदाच्या यादीत माझ्या धाकट्या भावाचेही नाव होते.

ज्यांची नावे आम्हाला कधीच कळली नाहीत, अशा माणसांचे आभार मानण्यासाठी मी हे लिहीत आहे. यादीतील नावाचा उच्चार चुकू नये म्हणून आदल्या रात्री दूरध्वनी करून आईकडून ते दोनदा म्हणवून घेणारे लिपिक, शोकशस्त्राच्या वेळी बंदुकांची नळी जमिनीकडे वळताच हुंदका फुटलेल्या वहिनीचा हात शेवटपर्यंत न सोडणाऱ्या महिला शिपाई, आणि ज्यांनी वाजवलेल्या ‘लास्ट पोस्ट’चा एकही सूर डळमळला नाही ते बिगुलवादक, या साऱ्यांचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत दर आठवड्याला घरी येणाऱ्या हवालदारांनी तर स्वतःची रजा त्यासाठी खर्च केली, हे आम्हाला फार उशिरा समजले.

भावाचे नाव पुकारले गेले तेव्हा आईने मान ताठ ठेवली होती. ते बळ तिला आपण सर्वांनी दिले.