स्फोटाचा पत्ता विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचावा

महोदय,

परवा ऐरोलीत गच्चीवर असताना मोबाइलवर सूचना आली: गॅमा किरणांचा स्फोट (दूर अंतराळात अचानक उसळणारा अतितीव्र किरणांचा झोत), खाली विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे. ती दिशा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या उजेडात बुडालेली होती. तरी अकरावीतली माझी भाची तारानकाशावर त्या जागी बोट ठेवून कितीतरी वेळ बघत बसली.

हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की बाहेरचे, यावर १९९७ पर्यंत वाद होता. त्या वर्षी २८ फेब्रुवारीला बेप्पोसॅक्स उपग्रहाने टिपलेल्या स्फोटाची जागा काही तासांतच खगोलशास्त्रज्ञांना कळवली गेली, दुर्बिणी तिकडे वळल्या आणि स्फोटामागे उरलेला, मंदावत जाणारा प्रकाश पहिल्यांदा हाती लागला; हे स्फोट आकाशगंगेबाहेरचे आहेत, हे अशाच प्रकाशातून पुढे स्पष्ट झाले. उशीर झाला असता तर तो प्रकाश विझून गेला असता. आता स्विफ्ट उपग्रहाने शोधलेली जागा बहुतेकदा मिनिटभरात नासाच्या यंत्रणेतून जगभर जाते, तीही फुकट. लडाखमध्ये हानले येथे आयआयटी मुंबईच्या सहभागाने चालणारी ७० सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीणही असे स्फोट टिपते.

ठाणे, नवी मुंबईतल्या विज्ञान महाविद्यालयांनी या सूचना भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज फलकावर लावाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक आकाशप्रेमी, ऐरोली, नवी मुंबई