सदतीस अंश, बारा ते तीन

नागपूर

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रकल्पाचा आराखडा वाचला. ‘भारतातील प्राणीकल्याण’ हा विषय वीस पानांत मावायचा नाही. कुत्री, कोंबड्या, सर्कस, कत्तलखाने सगळंच त्यात येतं आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीड पान उरतं. त्यापेक्षा ‘नागपूरच्या उन्हाळ्यात बंडीचा बैल’, म्हणजे बैलगाडी ओढणारा बैल, एवढंच घे. त्यासाठी लिखित नियम आहे, तपासता येईल असा आकडा आहे, आणि बैल स्वतः जाऊन पाहता येतो.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ मध्ये ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी वेगळे नियम निघाले. त्यातला सहावा नियम पाठ करून ठेव. जनावर दिवसात एकूण ९ तासांहून जास्त जुंपायचं नाही, विसावा न देता सलग ५ तासांहून जास्त नाही, आणि जिथे तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथे दुपारी १२ ते ३ जुंपायचंच नाही. तुझ्या यादीत मूळ कायदा आहे, हे नियम नाहीत. गफलत होते ती इथेच. मुलं कायद्यात ‘३७’ शोधतात, सापडत नाही, मग एखाद्या संस्थेच्या पत्रकातलं वाक्य उचलतात. कायदा संसद करते, त्याखालचे नियम सरकार राजपत्रात काढतं. कागद दोन आहेत. नुसतं ‘कायद्यानुसार’ लिहू नकोस, नियमाचा क्रमांक आणि वर्ष दे. आर लावलेली तुतारी (बैल हाकायची टोकदार खिळ्याची काठी) वापरायला याच नियमांत मनाई आहे. ओझ्याची मर्यादा बैलाच्या आकारावर आणि चाकावर ठरते, म्हणून बंडीला रबरी टायर आहे की लोखंडी धाव, हे प्रत्येक वेळी टिपून ठेव.

आता तापमान. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो हे खरं, पण वर्तमानपत्रात छापतात तो दिवसाचा कमाल आकडा, आणि तो बहुधा दुपार उतरताना नोंदला जातो. बारा वाजता किती होतं, हे त्यावरून सिद्ध होत नाही. सोनेगाव विमानतळाच्या तासातासाच्या नोंदी घे. त्यांतली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात ५ तास ३० मिनिटं मिळवावी लागतात. म्हणजे आपले १२ ते ३ तिथे ०६:३० ते ०९:३० असे येतील. हे विसरलीस तर संध्याकाळचं तापमान दुपारचं म्हणून मांडशील आणि सगळा तक्ता फुकट जाईल. शिवाय ही नोंद सावलीतल्या हवेची असते. डांबरी रस्ता त्याहून पुष्कळ तापतो. तो मोजलास तर वेगळ्या रकान्यात लिही, नियमाच्या ३७ शी त्याची तुलना करू नकोस.

बैलाची नोंद घेताना कुशीची हालचाल ३० सेकंद मोज आणि दुप्पट कर. निवांत उभ्या बैलाचा श्वास मिनिटाला साधारण १० ते ३० असतो. ओझं ओढून नुकताच थांबलेला आणि सावलीत दहा मिनिटं उभा असलेला, हे दोन बैल एकाच रकान्यात घातलेस तर सरासरीला अर्थ राहत नाही. मान पुढे ताणलेली, तोंड उघडं, लाळ गळतेय, यातलं जे दिसेल ते लिही; ‘त्रासलेला दिसला’ असं मोघम नको. मग खांदा बघ. जू टेकतं तिथे सूज आहे, केस गेलेत की जखम उघडी आहे, हे वेगवेगळं मांड. जोडीतले बैल उंचीला विजोड असले, जू खडबडीत असलं किंवा बंडीत माल पुढच्या बाजूला जास्त भरला की खांदेसूज येते. (पोळ्याच्या आदल्या दिवशी ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ म्हणत आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात, ते काही उगाच नाही. हेही प्रकल्पात येऊ दे.)

शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, तू एकच निकाल दिला आहेस, ७ मे २०१४ चा, सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीचा. तेवढ्यावर थांबलीस तर वाचणाऱ्याची दिशाभूल होईल. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शर्यतींना वाट देणारी दुरुस्ती १९६० च्या कायद्यात केली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू व कर्नाटकच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. माझ्या मते २०१४ च्या निकालातली जनावरांच्या पाच स्वातंत्र्यांची चर्चा आजही वाचण्यासारखी आहे, ती जरूर घे. फक्त बंदी अजून चालू असल्यासारखं लिहू नकोस. त्या पाच स्वातंत्र्यांना तू १९६५ साल दिलं आहेस. त्या वर्षीच्या ब्रिटनमधल्या ब्रॅम्बेल समितीने जनावराला उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता यावेत एवढंच म्हटलं होतं. भूक, वेदना, भीती वगैरेंपासून मुक्तीची आजची यादी १९७९ ची.

पशुगणनेचे आकडे घेताना पशुधन आणि कुक्कुट एकत्र करू नकोस. २०१९ च्या गणनेत पशुधन सुमारे ५३.५८ कोटी आहे, कोंबड्या-बदकं त्यात नाहीत. संदर्भासाठी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात विचार; आधी अर्ज आणि ओळखपत्र तयार ठेव.

गाडीवानाशी बोलताना नियम सांगत सुटू नकोस. आधी बैलांची नावं विचार, मग वय, मग पाणी कुठे पाजतात ते. फोटो परवानगीशिवाय नको, आणि गाडीवानाचा चेहरा तर अजिबात नको. दुपट्टा बांधून साडेअकराला घरून निघ, पाण्याच्या दोन बाटल्या घे.

तुझी,
आई