दिन्यास, इप्सविचहून

प्रिय दिन्या,

शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. गणपतीपासून तुझे तीन निरोप आले, एकालाही उत्तर दिलं नाही, कबूल. साखर आटोक्यात, गुडघा कुरकुरतो, बाकी बरं. फोन केला असता, पण इथल्या भिंती पातळ आणि ज्याच्याबद्दल बोलायचंय तो पलीकडच्या खोलीत.

चिन्मय. ताईचा. मुंजीत सोवळ्यात कॅमेरा घेऊन पळत होता तो.

मागच्या रविवारी त्याला घेऊन लॅव्हनहॅमला गेलो. होय, तेच. तुझ्या आजोबांच्या ॲटलासात सापडलं नाही म्हणून ‘असं गावच नाही’ अशी पैज लावली होतीस. गाव आहे. वीस रुपये येणं आहेत. लाकडी चौकटींची, एकमेकांच्या अंगावर रेललेली घरं आणि मध्ये तो बाजारचौक. आपल्या त्या इंग्रज दिग्दर्शकाच्या, मायकेल रीव्ह्जच्या, चित्रपटात बाईला शिडीला बांधून जाळात सोडतात, तो हाच. खरं तर इंग्लंडात चेटकीण ठरवलेल्यांना फाशी देत, जाळत नसत. पण रीव्ह्जला जाळ हवा होता. आता तिथं चहा मिळतो.

चहा पिता पिता चिन्मयनं मोबाइलवर काहीतरी हिशेब केला आणि म्हणाला, “मामा, १७ ऑक्टोबर १९४३ ते ११ फेब्रुवारी १९६९. २५ वर्षं, ३ महिने, २५ दिवस. पुढच्या महिन्यात मी रीव्ह्जहून मोठा होतो. आणि माझी एकही फिल्म नाही.”

हसत म्हणाला रे. मी काय म्हणालो असेन? “गाडीच्या पार्किंगची वेळ संपत आली.”

हे खूळ त्याच्या डोक्यात कुणी भरलं? मी. आणि माझ्या डोक्यात तू, तुझ्या मावशीनं अमेरिकेहून पाठवलेल्या त्या कॅसेटनं. आठवतं ना, तिकडची कॅसेट आपल्या टीव्हीवर कृष्णधवल दिसली आणि तू तासभर प्रकाशयोजनेचं कौतुक करत बसलास! वर नाव ‘कॉन्करर वर्म’, आणि तू छातीठोकपणे सांगितलंस की ही एडगर ॲलन पोची गोष्ट. पोची फक्त कविता, तीही अमेरिकन वितरकांनी चिकटवलेली. चित्रपट ‘विचफाइंडर जनरल’, १९६८चा. आणि ज्या सिंथेसायझरवरून आपण आठवडाभर बोललो नव्हतो ना, ते चित्रपटाचं संगीतच नव्हतं! व्हिडिओवाल्यांनी मागाहून घातलेलं. पॉल फेरिसचं मूळ संगीत मी इथं आल्यावर ऐकलं. ‘ग्रीनस्लीव्ह्ज’च्या वळणाची हळवी चाल, हिरवीगार शेतं, आणि त्यावर तो छळ. तू बरोबर होतास. हे लिहून देतोय, जपून ठेव.

चिन्मय आठवी-नववीत असल्यापासून मी त्याला रीव्ह्जची हीच गोष्ट ऐकवत आलो. विशीही न गाठलेलं पोरगं हॉलिवूडला जाऊन दिग्दर्शक डॉन सीगलचं दार ठोठावतं, आणि तो कामही देतो. मग पहिला चित्रपट इटलीत, दुसऱ्यात भयपटांचा नट बोरिस कार्लॉफ, तिसऱ्यात तसाच व्हिन्सेंट प्राइस. प्राइस नको होता त्याला, डोनाल्ड प्लेझन्स हवा होता. पैसेवाल्यांनी प्राइस लादला. आणि तो किस्सा. छपन्न वर्षांचा प्राइस चिडून म्हणतो, पोरा, मी ऐंशीच्या वर चित्रपट केलेत, तू काय केलंस? हा म्हणतो, तीन चांगले केलेत. किती वेळा सांगितला असेल मी! तेव्हा पुरे झालेले दोनच होते, हे मात्र कधी सांगितलं नाही. पुढं पूर्ण चित्रपट पाहून प्राइसनं त्याला लांबलचक कौतुकाचं पत्र लिहिलं, तेही मी घाईघाईत उरकत असे. सेन्सॉरचा ट्रेव्हेल्यन रीव्ह्जचा लांबचा नातेवाईक, तरी कात्री चाललीच, हे मात्र चवीनं सांगायचो. आपल्याकडं वशिला वाया जात नाही, म्हणून.

परवा रात्री एकट्यानं त्याचा दुसरा, ‘द सॉर्सरर्स’, पाहिला. कार्लॉफ आणि त्याची बायको, दोघं जख्ख म्हातारी, आपल्या खोलीत बसून एका तरण्या पोराच्या अंगातला थरार चाखतात. पळणार पोरगा, मजा यांची. म्हातारीला चटक लागते. दिन्या, अर्ध्यात बंद केला. आपण दोघं तेच रे. (म्हातारी तू.) तू बँकेत गेलास, मी ड्रेनेजची डिझाइनं काढत बसलो, आणि फिल्म करायला धाडलं या पोराला. ताईचा विरोध मोडून.

अभ्यासक्रम संपून दीड वर्ष झालं. रात्रपाळीला गोदामात खोकी उचलतो. सुट्टीच्या रात्रीही झोप नाही. पहाटे तीनला जिन्यावर पावलं वाजतात. उशाशी गोळ्यांची बाटली दिसली.

तेव्हापासून मला बापट आठवतोय. आपण कॅन्टीनमध्ये ‘रीव्ह्जनं पंचविसाव्या वर्षी संपवलं स्वतःला, वा!’ करत होतो आणि बापट वडा खात म्हणाला, “आजारी होता रे तो. नैराश्य होतं, औषधं चालू होती. वा कसलं?” आपण त्याला ‘कारकून’ म्हणालो. अख्खं वर्ष. चौकशीत तो मृत्यू अपघाती ठरला होता, झोपेच्या गोळ्यांनी. पुढचा चित्रपट, ‘द ऑब्लाँग बॉक्स’, हातून गेलेला. नऊ दिवस आधी कार्लॉफही गेला, ८१ वर्षांचा होऊन. त्याच्यावर आपण कधी ‘वा’ म्हटलं नाही.

काल विचारलं चिन्मयला. सरळच. “मरावंसं वाटतं का रे?” कांदा चिरत होता. बराच वेळ चिरत राहिला. मग म्हणाला, “मरायचं नाहीये मामा, झोपायचंय.” मी सुरी बाजूला ठेवली. दोघांनी मिळून डॉक्टरची वेळ घेतली, मंगळवारची. बाटली त्यानं आपणहून माझ्याकडे दिली. ताईला शनिवारी तोच फोन करणार आहे, मी शेजारी बसणार. एवढं झालंय. तरी रात्री जिना वाजला की मी उठून बसतो.

तुझं नवीन घर झालं म्हणे, अभिनंदन. सईच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले, तू जाड झालायस. वहिनींना नमस्कार. कर्जाचं सविस्तर नंतर लिही.

रविवारी त्याला फोन कर. तुझी संध्याकाळ, इथली दुपार. तेव्हा जागा असतो. माझ्यासमोर बरं आहे म्हणतो, तुझ्याशी मोकळा बोलेल. रीव्ह्जचा विषय काढू नकोस. किंवा काढ, पण कृष्णधवल कॅसेटचं सांग. ते मी त्याला कधीच सांगितलेलं नाही.

आणि बापटचा नंबर असला तर पाठव.

तुझा,
अव्या